साहेबांची सही आणि तुझी टिपणी

सप्रेम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. नायब तहसीलदार म्हणून रुजू होऊन वर्षही झालं नाही, तोवर "साहेबांचं आणि माझं जमणार नाही" असा निकाल देऊन मोकळी झालीस. पुरावा काय, तर तुझ्या नस्त्या (म्हणजे फायली) "चर्चा करावी" असा शेरा घेऊन परत येतात, चर्चेला गेलं तर साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये असतात, आणि बाहेर आले की "आता नको" म्हणतात. शाखेतले जुने लोक म्हणतात, मूड बघून आत जायचं. बघ की, मूड बघायला माझी ना नाही. पण नुसत्या मूडवर नोकरी निघत नाही.

तुझे साहेब बसतात त्या उपजिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीत मीही बसलेय, म्हणून तिकडून काय दिसतं ते सांगते. टेबलावर चार-पाच शाखांच्या नस्त्या, मध्येच सुनावण्या, दारात शिष्टमंडळ, आणि वरून कलेक्टर कधी बोलावतील याचा नेम नाही. प्रत्येक नस्ती पहिल्या पानापासून वाचायची तर रात्र व्हायची. मग माणूस आधी टिपणीखाली सही कोणाची आहे ते बघतो. काही सह्या दिसल्या की शेवटचा परिच्छेद वाचून तो सही करतो. काही सह्या दिसल्या की पताका (कागदांना लावलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या) उलटून मूळ कागद काढतो. कारण लेखापरीक्षणाचा आक्षेप किंवा कोर्टाची नोटीस येते ती दोन-तीन वर्षांनी, साहेब तिसऱ्याच जिल्ह्यात असताना, आणि तेव्हा खुलासा त्यांना द्यावा लागतो. तुझ्याविषयी त्यांच्या मनात राग नाही गं, अजून खात्री नाही एवढंच. ती खात्री टिपणीतून होते. गोड बोलून नाही, आणि वाढदिवसाच्या केकने तर नाहीच नाही.

तू फोटो पाठवलास त्या पाण्याच्या टँकरच्या प्रस्तावाचंच घे. (कार्यालयीन नस्तीचे फोटो मला पाठवत जाऊ नकोस, हे आधी सांगून ठेवते. अडलेलं शब्दांत सांग, मला कळतं.) दीड पानाची टिपणी आहे. सरपंचांची मागणी अमुक तारखेची, ग्रामपंचायतीचा ठराव तमुक तारखेचा, गटविकास अधिकाऱ्यांचं पत्र, त्याला आपलं पत्र, त्यावर स्मरणपत्र, आणि शेवटी "मान्यतेस्तव सादर". आवक-जावक नोंदवही वाचल्यासारखं वाटलं. टँकरची फाईल पुढे आली की कोणत्याही साहेबांच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो विहिरीचा: गावात किंवा जवळपास अधिग्रहण करता येईल अशी खासगी विहीर नाही का? त्याचं उत्तर तुझ्या कागदात होतं. संयुक्त पाहणीच्या अहवालात, आत कुठेतरी. टिपणीत नव्हतं. मग साहेबांनी "चर्चा करावी" नाही लिहायचं तर काय लिहायचं?

आता हे बघ: "गावाची लोकसंख्या १,८००. माणशी २० लिटरप्रमाणे रोजची गरज ३६,००० लिटर. १२,००० लिटरच्या टँकरच्या ३ खेपा लागतील. संयुक्त पाहणीत दोन विहिरी कोरड्या आढळल्या, तिसरीचे पाणी पिण्यास अयोग्य आहे (पताका क), त्यामुळे अधिग्रहण शक्य नाही. टँकर भरण्याचा उद्भव ९ कि.मी. वर आहे. सबब मान्यता देण्यास हरकत नाही." आकडे मी मनचे घातलेत, तुझे तू घाल. पण वाचताना साहेबांना एकही प्रश्न विचारावा लागत नाही, आणि खाली तुझं स्वतःचं मत आहे. "आदेशार्थ सादर" एवढंच लिहून मत टाळायची आपल्याकडे जुनी खोड आहे. तिने माणूस सुरक्षित राहतो असं लोकांना वाटतं. साहेबांना मात्र त्यातून एवढंच कळतं, की विचार करायचं काम आपल्यावर ढकललंय.

दुसरं, वाईट बातमी. उच्च न्यायालयात शपथपत्र दाखल करायचं राहिलं, निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडणार नाही, विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाच्या उत्तरात चुकीचा आकडा गेला, अशा गोष्टी कलेक्टरांच्या बैठकीत साहेबांना पहिल्यांदा कळल्या तर तुझ्या दहा चांगल्या टिपण्या वाया गेल्या म्हणून समज. ज्या दिवशी तुला कळलं त्याच दिवशी त्यांना कळलं पाहिजे, आणि सोबत "यावर आता हे करता येईल" असं एक वाक्य पाहिजे. चूक लिपिकाची असली तरी आत जाऊन "अमक्याने केलं" म्हणू नकोस. शाखा तुझी आहे. लिपिकाला काय बोलायचं ते बाहेर येऊन बोल.

असंच दुसरं नाजूक प्रकरण म्हणजे थेट बोलावणं. कलेक्टरांनी साहेबांना वगळून तुला बोलावलं, किंवा आमदारांच्या पीएचा फोन थेट तुला आला, की नवीन अधिकाऱ्याला जरा बरं वाटतं. वाटू दे. पण तिथून बाहेर पडल्यावर पहिली पायरी साहेबांच्या केबिनची. ते नसतील तर दोन ओळींचा मेसेज: काय विचारलं, मी काय सांगितलं. हाताखालचं माणूस आपल्या मागे वर जातंय, असं एकदा मनात बसलं की निघता निघत नाही.

साहेब चुकतायत असं वाटलं तर? गप्प बसू नकोस, आणि बैठकीत सगळ्यांसमोरही बोलू नकोस. केबिनमध्ये, दार लोटून, नियम हातात घेऊन बोल. शासन निर्णय मोबाईलवर शोधत बसायचं नाही, छापील प्रत न्यायची, ओळीखाली रेघ मारलेली. तरीही त्यांचा निर्णय वेगळा असेल तर टिपणीत आपलं म्हणणं एकदा नीट नोंदव आणि नस्ती वर जाऊ दे. निर्णय घ्यायचा अधिकार त्यांचा आहे. आणि तो त्यांनी नियमात राहून घेतला असेल तर अंमलबजावणी मनापासून कर, "मी आधीच म्हटलं होतं" हे वाक्य शाखेत फिरवत बसू नकोस.

नियमाबाहेरचं तोंडी सांगितलं तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यात यासाठीच सोय आहे: वरिष्ठांच्या सूचनेवरून काम करायचं तर ती शक्यतो लेखी घ्यावी, आणि तेव्हा शक्य नसेल तर मागाहून लवकरात लवकर लेखी कायम करून घ्यावी. हे नियमाचं पुस्तक दाखवून मागायचं नसतं. संध्याकाळी एक साधी टिपणी ठेवायची, "आज चर्चेत दिलेल्या तोंडी सूचनेप्रमाणे पुढील कार्यवाही प्रस्तावित आहे". सूचना सरळ असेल तर सही होते. नसेल तर बहुतेक वेळा ती सूचनाच विरून जाते. भांडण नाही, तक्रार नाही.

"साहेबांकडे फाईल अडकलीय" असंही तू लिहिलंयस. हे अभ्यागताला कधी सांगू नकोस. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या फायलींच्या व्यवस्थेत, फाईल कोणाकडे किती दिवस आहे ते दिसतं, तुझंही दिसतं. दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा एका टेबलाला सात कामाचे दिवस देतो, तातडीच्या नस्तीला चार, आणि अगदीच निकडीची असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. तू सहा दिवस ठेवून सातव्या दिवशी पाठवलीस तर साहेबांच्या वाट्याला लोकांच्या शिव्या येतात. त्यापेक्षा शाखेतले कागद ज्या सहा गठ्ठ्यांत लावतात, त्यातला प्रतीक्षाधीनचा गठ्ठा दर शुक्रवारी स्वतः चाळ. साहेबांना वरून जी बोलणी बसतात, त्यातली निम्मी याच गठ्ठ्यातून निघतात. कोणाच्या तरी उत्तराची वाट बघत पडलेले कागद, आणि स्मरणपत्र कोणीच काढलेलं नसतं. सोमवारच्या बैठकीआधी त्यातल्या अडलेल्या प्रकरणांची यादी त्यांच्या हातात दे, एका पानाच्या वर नको. मागितली नसली तरी दे.

कार्यमूल्यमापन अहवालाची काळजी आत्ता करू नकोस. एप्रिलमध्ये स्वयंमूल्यनिर्धारण भरताना विशेषणं गाळ, काम लिही: किती प्रकरणं होती, किती निकाली निघाली, काय राहिलं आणि का. प्रतिवेदन लिहिणाऱ्याला हाताशी काहीतरी ठोस लागतं, नाहीतर तो सगळ्यांना सारखंच लिहितो.

काही साहेब मुळातच अवघड असतात, हे मला मान्य आहे. आरडाओरडा करणारे, श्रेय घेणारे, सही टाळणारे. ओरडणाऱ्याचं फारसं मनावर घेऊ नकोस. श्रेय घेतलं तरी नस्तीवर टिपणी तुझीच राहते. सही टाळणाऱ्यापुढे मात्र जपून: त्याच्या नस्तीवर दर वेळी तारीख टाकून "सादर" लिहायचं आणि ई-ऑफिसवरच पाठवायचं, हातोहात नाही. पण अपमान करणारा, बाईमाणसाशी मर्यादा सोडून वागणारा साहेब या पत्राच्या हिशेबात धरू नकोस. तिथे जुळवून घ्यायचं नसतं. कार्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने. तिथे जायचं, आणि आधी मला फोन करायचा.

तुझ्या साहेबांची तीन वर्षं भरत आली आहेत म्हणतेस, म्हणजे बदलीच्या हंगामात ऑर्डर निघेल. नवे येतील तेव्हा ओळख करून द्यायला हात हलवत जाऊ नकोस. शाखेची कोर्ट प्रकरणं तारखांसह, प्रलंबित विधिमंडळ प्रश्न, आणि महिन्याभरात मुदत संपणारी कामं, एवढं लिहून ने. जुने साहेब कसे होते असं ते सहज विचारतील. काम कसं चालायचं ते सांग आणि थांब.

रविवारी दुपारी चारनंतर फोन कर, आधी मी झोपलेली असते. आईला नमस्कार.

तुझी,
मॅडम