अंगाला हात लावू न देणारा कुत्रा आपल्या घरात चालेल का?

"मॅडम, तो आमच्याजवळ येतच नाही हो."

मी कुटुंब समुपदेशक आहे, कुत्र्यांना शिकवणं हे माझं काम नाही. तरीही गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी कितीतरी घरांकडून ऐकलं. कुणी शिबा आणलेला असतो, कुणी अकिता, कुणी चाऊ चाऊ, कुणी मुधोळ, सगळ्या मानी स्वभावाच्या जाती. कुत्रा धडधाकट असतो, खातो-पितो, पण बोलावलं की मान वळवून बघतो आणि जागचा हलत नाही. मग घरात एकमेकांवर ढकलाढकली सुरू होते: तूच आणलास, तूच लाड केलेस, तूच रागावलास. काही जण मात्र आणायच्या आधी विचारायला येतात, "असा कुत्रा आम्हाला झेपेल का?" या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. त्यांच्यातल्याच एका घराची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अकिता हवा म्हणणारी बहुतेक मंडळी हाचिकोची गोष्ट ऐकून आलेली असतात. मालक 1925 मध्ये गेला आणि हा कुत्रा 1935 मध्ये स्वतः मरेपर्यंत टोकियोच्या शिबुया स्टेशनवर त्याची वाट पाहत राहिला. ऐकताना डोळे भरून येतात हे खरं. पण त्याने वाट पाहिली ती एका माणसाची. घरात चौघं असतील आणि चौघांनाही आपण हाचिकोचा मालक होणार असं वाटत असेल, तर तिघांच्या वाट्याला काय येणार, याचा विचार आधी व्हायला हवा.

आमच्या या घरात आई, बाबा, तेरा वर्षांची मुलगी आणि आजी. पुण्यात चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. बाबा मूळ लातूरकडचे, त्यांना गावाकडून कारवानीचं पिल्लू आणायचं होतं. मुधोळ आणि कारवानी ही एकाच जातकुळीची नावं: निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय. हुंगण्यापेक्षा डोळ्यांनी हेरून धावणारा कुत्रा. बाबा एरवी तीन शब्दांत उत्तर देणारे, पण या विषयावर भरभरून बोलले. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात कशी जपली, 2005 मध्ये टपाल खात्याने तिचं तिकीट कसं काढलं, 2020 मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर तिचं नाव घेतल्यावर मागणी कशी वाढली. त्या पाऊण तासात त्यांची बायको त्यांच्याकडे नव्याने बघत होती, हे मी टिपून ठेवलं.

आजींनी मात्र एका वाक्यात जातीचा स्वभाव सांगितला. "ते कुत्रं लाडाचं नसतंय बाई. भाकर खातंय, राखण करतंय, अन् आपल्या जागी जाऊन पडतंय."

माझी पद्धत अशी की एका माणसाचा हट्ट मी एकट्याचा मानत नाही. घर सगळं समोर बसवते आणि एकच प्रश्न सगळ्यांना विचारते. इथे विचारलं, "कुत्रा येऊन महिना झालाय. संध्याकाळचे सात वाजलेत. तो कुठे आहे, काय करतोय?"

मुलगी म्हणाली, "माझ्या पलंगावर. मी त्याच्या गळ्यात हात टाकून वाचतेय."

आजी म्हणाल्या, "दाराशी."

बाबा म्हणाले, "गॅलरीच्या कोपऱ्यात बसून बाहेर बघतोय."

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी ऑफिसमधून आलेय आणि तो धावत दारात आलाय. कुणीतरी धावत येतंय, एवढंच." आणि थोडं थांबून, नवऱ्याकडे न बघता, "गप्प बसून बाहेर बघणारं एक माणूस आहे की घरात. आणखी एक कशाला?"

बाबा उठून जातील असं मला क्षणभर वाटलं. ते उठले नाहीत. पाण्याचा ग्लास हातात फिरवत राहिले. मीही मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसणं हेच मोठं काम असतं, आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली. शेवटी ते म्हणाले, "मला वाटलं, असं कुत्रं घरात असलं तर यांना कळेल, की न बोलणारंसुद्धा आपलंच असतं."

त्या दिवशी आम्ही पुढे काही बोललो नाही.

इथे मला माझ्या मनातलं सांगायचं आहे. लोक जात निवडताना रंग, उंची, फोटो बघतात. मी म्हणते, अपेक्षा बघा. आपल्याला घरात जे मिळत नाही, ते कुत्र्याकडून भरून काढायचा बेत असतो आणि तो कुणी उघड बोलत नाही. बोलून दाखवलेली अपेक्षा निदान तपासता येते. लॅब्रॅडॉर बरीचशी अपेक्षा पुरी करतो, कारण त्याला माणसाच्या मागे मागे राहायलाच आवडतं. मानी कुत्रा ते ओझं घेत नाही. तो माणूसघाणा नसतो, पण जवळ कधी यायचं ते त्याचं तो ठरवतो. घरातल्या एखाद्याला प्रत्येक वेळी हाकेला ओ हवी असेल, तर त्या माणसाला तो रोज दुखावणार. आणि दुखावलेला माणूस कुत्र्याला ओढून जवळ घेतो, त्यावर गुरगुरणं होतं, मग एक दिवस दात लागतात. चावरा म्हणून सोडून द्यायची भाषा सुरू होते. अशी तीन घरं मी पाहिली आहेत. तिन्ही ठिकाणी कुत्र्याने आधी कितीतरी वेळा मान वळवून, उठून दूर जाऊन सांगितलेलं होतं.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना व्यवहाराचे प्रश्न दिले. कारवानीला रोज पोटभर धावणं लागतं, बिल्डिंगखालची एक चक्कर पुरत नाही. ते धावणं भिंत किंवा कुंपण असलेल्या मैदानातच हवं, कारण मांजर पळताना दिसलं की हा सुटला, आणि मग तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. असं मैदान जवळ कुठे आहे? पहाटे कोण उठणार? घरी पोळ्यांना येणाऱ्या मावशी, गॅसवाला, वर्षातून दोनदा मुक्कामाला येणारे पाहुणे, यांच्यापैकी कुणी डोक्यावर हात फिरवायला गेलं तर त्यांना थांबवणार कोण? पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही, आणि आल्यावर लगेच, प्रेमाने आणि बेताबेताने, त्याला माणसं, जिना, लिफ्ट, रिक्षाचा आवाज, डॉक्टरांचं टेबल यांची सवय लावायची. हे पहिले काही महिने हातचे गेले तर मानीपणाचं रूपांतर भीतीत होतं. मारणं, ओरडणं अजिबात नको. असा कुत्रा ओरडा विसरत नाही. आणि मुलगी आज तेराची आहे. पाच वर्षांनी ती शिकायला बाहेर जाईल, कुत्रा तेव्हा ऐन उमेदीत असेल. तो कुणाचा होऊन राहणार?

पहाटे उठण्यासाठी मी एक साधी परीक्षा देते. एकवीस दिवस, कुत्र्याशिवाय, हातात रिकामा पट्टा घेऊन साडेपाचला तासभर चालायचं. लोक हसतात. करून बघितल्यावर हसत नाहीत. बाबांनी एकोणीस दिवस केलं. माझ्या अनुभवात हा फार चांगला आकडा आहे.

शेवटचं काम मी मुलीला दिलं. दिवाळीत गावी काकांच्या शेतावर एक कारवानी होता. त्याला बोलवायचं नाही, खाऊ दाखवायचा नाही, नुसतं त्याच्या आसपास वाचत बसायचं आणि दिसेल ते लिहायचं.

ती वही घेऊन आली. पहिल्या दिवशी लिहिलं होतं, "गोठ्यामागे गेला." दुसऱ्या दिवशी, "बाभळीखाली बसला. माझ्याकडे पाठ." तिसऱ्या दिवशी अर्धं पान भरलं होतं. ते तिने मोठ्याने वाचलं. "मी ओट्यावरून विहिरीकडे गेले तर तो उठला आणि विहीर दिसेल अशा जागी बसला. मी परत आले तर तोही परत. तीनदा करून बघितलं. तीनही वेळा."

वही मिटून ती म्हणाली, "बाबा पण असंच करतात. मी रात्री अभ्यासाला बसले की टीव्ही बंद करून हॉलमध्ये बसून राहतात. मी लाइट घालवला की मग झोपायला जातात."

आईने विचारलं, "रोज?"

"रोज."

त्यांच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. आजी पदराने डोळे पुसत होत्या. आई काही बोलली नाही, पण पहिल्यांदा तिची खुर्ची नवऱ्याच्या बाजूला वळली. या कामात मला जे थोडंफार जमलं असं वाटतं, त्यात ही दुपार वरच्या जागी आहे.

एवढ्यावर त्यांनी पिल्लू आणलं असेल असं तुम्हाला वाटेल. आणलं नाही. निर्णय आईचा होता आणि मला तो पटला. ती म्हणाली, "ह्यांचं मला कळलं मॅडम. पण दिवसभर थकून आल्यावर मला दारात येणारं कुणीतरी हवंच आहे. ते हवं असणं काही चूक नाही ना?" चूक नाहीच. एखाद्याचा अबोलपणा समजला म्हणजे त्याच स्वभावाचा कुत्राही पाळला पाहिजे, असं कुठे आहे? बाबांनी हट्ट सोडला. सोसायटीच्या गेटपाशी राहणारी एक तांबूस कुत्री आईच्या स्कूटरचा आवाज ओळखून रोज पुढे धावायची. तिची नसबंदी, रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना झाला आणि ती चौथ्या मजल्यावर आली. पहाटेची फेरी बाबांकडेच आहे.

मे महिन्यात मुलगी पंधरा दिवस गावी राहून आली. मी फोनवर विचारलं, "काकांच्या कारवानीने अंगाला हात लावू दिला का गं?"

"मी लावलाच नाही," ती म्हणाली.