‘बे’चं सोडा, पत्त्याचं बघा

डॅलसच्या ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं. चौदा वर्षांचा लेक शनिवारी सकाळी इथल्या मामेभावाबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळतो आणि ‘का बे, आंधळा झालास का?’ ऐकून तुम्ही हादरलात. अहो, तुमचं माहेर सोलापूरचं ना? विजापूर वेशीपासून सात रस्त्यापर्यंत ‘बे’शिवाय कुणाचं वाक्य पुरं होतं? पुण्यात त्यावरून भांडण होईल, इथं ती दोस्ती. पार्क मैदानावर आम्हीही एकमेकांचा यथेच्छ उद्धार केलाय. पण समोरच्याचा चेहरा पडला की जीभ आवरायची. हेडफोनमध्ये चेहरा कुठला दिसायला?

पत्राचा शेवट मात्र हसण्यासारखा नाही. हरलेल्या अनोळखी पोराने ‘पत्ता सांग, घरी येतो’ म्हटलं आणि लेकाने तावातावात रस्त्याचं नाव सांगून टाकलं.

असा पत्ता सांगणं कुठवर जाऊ शकतं, ऐका. 2017च्या डिसेंबरात ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या गेममधल्या दीड डॉलरच्या पैजेवरून अमेरिकेतल्या दोघा खेळाडूंचं वाजलं. एकाने दुसऱ्याला धडा शिकवायला लॉस एंजेलिसच्या तिसऱ्याला गाठलं. दुसऱ्याने खिजवत आपला विचिटा शहरातला जुना पत्ता कळवला. तिसऱ्याने त्या पत्त्याचा हवाला देऊन पोलिसांना थाप मारली, की वडिलांना गोळी घातलीय, घरच्यांना ओलीस धरलंय. त्या घरात आता दुसरंच कुटुंब राहत होतं. दारात आलेला, खेळाशी काडीचा संबंध नसलेला 28 वर्षांचा माणूस पोलिसांच्या गोळीने गेला. थाप मारणाऱ्याला 2019मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. या प्रकाराला तिकडे स्वॅटिंग म्हणतात.

तरी गेम बंद करू नका. मारधाडीच्या गेममुळे पोरं हिंसक होतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020मध्ये सांगितलं. आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी मात्र थोडा संबंध दिसतो.

पत्ता सांगितला म्हणून रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगणारच नाही. व्हॉइस चॅट फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवा. कुणी शिव्या दिल्या तर म्यूट करून रिपोर्ट करायचं, उलट उत्तर नाही. धमकीचा मजकूर असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. तुमच्या भागातल्या पोलिसांना आणीबाणीचा नव्हे, साध्या नंबरवर फोन करून घडलेलं आधीच सांगून ठेवा. खोटा फोन गेलाच, तर ही नोंद उपयोगी पडू शकते.

आणि लेकाच्या गेममधल्या नावात शाळेचं नाव नि जन्मसाल आहे म्हणता, ते आजच बदला.