वाचक विचारतात : भारत आणि जपान

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं जपानबद्दलची होती आणि जवळपास सगळी ठाणे-नवी मुंबईतली. त्यातली पाच निवडली आहेत.

आमचा रबाळे एमआयडीसीत रंग व लेपांसाठी लागणारी रसायनं बनवण्याचा छोटा कारखाना आहे. ओसाकाच्या ग्राहकाने ‘ओरिजिन सर्टिफिकेट’ मागितलं. आम्ही चेंबर ऑफ कॉमर्सकडून काढून पाठवलं, तर त्याने ‘हे चालणार नाही’ म्हणून परत केलं. काय चुकलं?

प्रमाणपत्र खरंच होतं, पण दुसऱ्या जातीचं. चेंबर देतं त्या साध्या प्रमाणपत्रावर माल भारताचा एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर जकातीत सवलत मिळत नाही. ग्राहकाला हवं आहे ते भारत-जपान सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराखालचं, म्हणजे सेपाचं प्रमाणपत्र. हा करार 1 ऑगस्ट 2011 पासून लागू आहे. अर्ज डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) ऑनलाइन व्यवस्थेत डिजिटल सहीने करायचा आणि प्रमाणपत्र एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन कौन्सिलच्या एजन्सीकडून घ्यायचं.

अर्ज भरण्याआधी ग्राहकाला एक प्रश्न विचारा : तुमच्याकडे या मालावर सर्वसाधारण जकात किती? बऱ्याच औद्योगिक मालावर जपानची जकात मुळातच शून्य असते. तसं असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? विचारताना एचएस कोडचे, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकाचे, पहिले सहा आकडे द्या, कारण तेवढेच दोन्हीकडे सामाईक असतात. पुढे आपले आठ होतात आणि त्यांचे नऊ.

जकात लागत असेल तर पुढचा प्रश्न, माल कराराच्या व्याख्येत ‘भारतीय’ ठरतो का? सर्वसाधारण नियमात दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. बाहेरून आलेल्या कच्च्या मालाचा सहा आकडी कोड आणि तयार मालाचा कोड वेगळा हवा. शिवाय एफओबी किमतीत, म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत, देशातल्या मूल्याचा वाटा किमान 35 टक्के हवा. काही मालाला स्वतंत्र नियम आहे, म्हणून कराराच्या परिशिष्टात आपला कोड आधी शोधा.

हिशेब असा. एका ड्रमची एफओबी किंमत 20,000 रुपये आणि त्यात परदेशी कच्चा माल 12,600 चा. उरले 7,400, म्हणजे 37 टक्के. पास. पुढच्या खेपेला तोच कच्चा माल महागून 13,200 झाला आणि विक्रीदर तोच राहिला, तर वाटा 34 टक्क्यांवर येतो आणि माल नापास. कृती तीच, रिॲक्टर तोच, कामगारही तेच! म्हणून कॉस्ट शीट वर्षातून एकदा करून फायलीत ठेवू नका, दर खेपेला नव्याने मांडा. दर सीआयएफ दिला असेल तर भाडं आणि विमा वजा करूनच टक्का काढा.

लहान कारखाने बहुतेक वेळा अडकतात ते स्थानिक खरेदीत. भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून जीएसटी बिलावर घेतलेलं सॉल्व्हंट ‘देशी’ धरलं जातं. त्याने ते चीनहून आणलेलं असेल तर ते परदेशीच. उत्पादकाचं लेखी निवेदन हातात नसेल तर तो माल परदेशी धरूनच हिशेब करा.

शेवटची अट थेट वाहतुकीची. न्हावा-शेवाहून निघालेला कंटेनर सिंगापूर किंवा कोलंबोला जहाज बदलतो, त्याला हरकत नाही. मात्र तिथे तो कस्टम्सच्या ताब्यातच राहायला हवा आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती) इथपासून जपानी बंदरापर्यंत एकच हवं. मधल्या बंदरात माल उघडून नव्या पिंपात भरला की सवलत गेली.

मुलगा टोकियोला नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत. वाशी मार्केटमधून हापूसची एक पेटी बॅगेतून नेली तर चालेल ना? बरोबर आणखी काय नेता येईल? (वाशी)

पेटी नेऊ नका, विमानतळावर ती काढून घेतील. फळमाशीच्या भीतीने जपानने 1986 मध्ये भारतीय आंबा बंद केला, तो 2006 मध्ये पुन्हा उघडला. तोही हापूस, केशर, बैंगनपल्ली, लंगडा, चौसा आणि मल्लिका या सहा जातींनाच, आणि बाष्प-उष्णता प्रक्रिया केलेल्या मालालाच. दमट गरम हवेत फळाच्या गाभ्याचं तापमान 47.5 अंशांवर आणून 20 मिनिटं तिथेच ठेवायचं, अशी ही प्रक्रिया. फळमाशीची अंडी आणि अळ्या मारायला तेवढं लागतं. राज्य कृषी पणन मंडळाची अशी सुविधा तुमच्या वाशीतच आहे.

यात आकारवारी फार महत्त्वाची. मोठं फळ उशिरा तापतं, म्हणून तापमापकाची सुई मोठ्या फळाच्या गाभ्यात खुपसतात. त्याच घाण्यात लहान फळं मिसळली तर मोठं 47.5 वर पोचेपर्यंत लहान भाजून निघतात, साल काळवंडते आणि गर पिठूळ होतो. साका, म्हणजे आतला पांढरा पडलेला गर, मात्र बाहेरून दिसतच नाही. एवढी खटपट करून तिकडे गेलेला आंबा कापल्यावर आत पांढरा निघाला, तर निर्यातदाराने कोणाला तोंड दाखवायचं?

तुम्ही सुकवलेला आंबा, आंबापोळी, सीलबंद डब्यातला आमरस आणि तेला-मिठातलं लोणचं न्या. ताजी फळं, कढीपत्ता, मिरच्या, कुंडीतली तुळस यांतलं काही नको. मटण-चिकनचं लोणचं किंवा मांसाचा अंश असलेलं पाकीटसुद्धा नको. गोळ्यांकडे मात्र आंब्यापेक्षा जास्त लक्ष द्या. डॉक्टरांनी दिलेली औषधं एका महिन्याची आणि दुकानातून सहज घेतलेली दोन महिन्यांची, एवढीच परवान्याशिवाय नेता येतात. जास्त दिवस राहणार असाल तर ‘युन्यु काकुनिन-शो’ हे आयात-पुष्टिपत्र आधीच ऑनलाइन मागवा. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आहे का ते पाकिटावर वाचा. असेल तर त्या घरीच राहू द्या.

मुलीचं जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालंय. ठाण्यातला एक एजंट ‘जपानमध्ये नर्सची नोकरी’ म्हणून तीन लाख मागतोय. विश्वास ठेवावा का? (वर्तकनगर)

तीन लाख हा आकडा ऐकूनच थांबा. परदेशी नोकरीसाठी भरती-शुल्काची कायदेशीर कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. ‘बाकीचे पैसे ट्रेनिंगचे’ असं उत्तर आलं तर प्रत्येक बाबीची वेगळी पावती मागा. पावतीचं नाव काढल्यावर त्याचा सूर बदलला, तर काय ते समजा.

मुळात हे काम नर्सचं नाही. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी 2021 मध्ये विशिष्ट कुशल कामगारांबाबत करार झाला. त्या वाटेने मिळतं ते ‘काइगो’, म्हणजे वृद्धांना आंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं, डायपर बदलणं. इंजेक्शन-सलाइन त्यात नाही. मुलीला हे जाण्याआधी स्पष्ट सांगा, नाहीतर तिकडे पहिल्याच महिन्यात रडारड होते.

परीक्षा तीन : काइगोचं कौशल्य, काइगोची जपानी आणि सर्वसाधारण जपानी. शेवटच्यासाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-4 पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी भाषा-परीक्षा चालते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. एन-4 ला 180 पैकी 90 लागतात, पण एकूण 90 मिळूनही नापास होता येतं. भाषा-वाचनात 120 पैकी 38 आणि ऐकण्यात 60 पैकी 19 हे वेगवेगळे किमान गुण आहेत. आपली मुलं कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, पाठ करण्यात महिने घालवतात आणि ऐकण्यात मार खातात. रोज अर्धा तास कान तयार करणं हाच त्यावर उपाय.

या निवास-दर्जावर (व्हिसावर) एकूण पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. तिथे राहून ‘काइगो फुकुशिशी’ ही राष्ट्रीय परीक्षा पास झाली तर दर्जा बदलतो, मुक्काम वाढवता येतो आणि कुटुंबही नेता येतं.

बुलेट ट्रेनचं कर्ज 0.1 टक्क्याने म्हणजे जवळजवळ फुकटच ना? (दिवा)

व्याजापुरतं, हो. 508 किलोमीटरच्या या मार्गासाठी खर्चाच्या 81 टक्क्यांपर्यंत कर्ज, मुदत 50 वर्षं आणि पहिली 15 वर्षं मुद्दल नाही, असं 2015 मध्ये ठरलं. पण कर्ज येनमध्ये आहे. समजा, घेताना 100 येनला 60 रुपये पडत होते आणि फेडताना 70 पडले, तर रुपयांतली मुद्दल सुमारे 17 टक्क्यांनी वाढली. उलटही होऊ शकतं. शिवाय तंत्रज्ञान शिंकानसेनचं, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचं ठरल्यामुळे डबे आणि सिग्नलसाठी बाजार सुरुवातीला खुला राहिला नव्हता. ही किंमत व्याजाच्या रकान्यात दिसत नाही.

जपानने येनमधली विकास-कर्जं द्यायला सुरुवात केली ती 1958 मध्ये भारतापासूनच. अटल सेतूच्या बांधणीतही जायका या जपानी सरकारी मदतसंस्थेचा पैसा आहे. मात्र ही गंगा अखंड वाहिलेली नाही. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर जपानने नवी कर्जं थांबवली होती आणि 2001 मध्ये निर्बंध उठवले. त्याच जपानने 2016 मध्ये भारताशी नागरी अणुकरारावर सही केली. म्हणून ‘मित्र’ आणि ‘लष्करी युतीतला देश’ यांत गल्लत नको. दोघांत 1952 पासून राजनैतिक संबंध आहेत, 2020 मध्ये सैन्यांनी एकमेकांना रसद देण्याचा करारही झाला, पण एकावर हल्ला झाल्यास दुसऱ्याने लढावं असा करार नाही.

जपानमध्ये सरस्वती आणि गणपती पुजतात, हे खरं की व्हॉट्सॲप? (ऐरोली)

या वेळी व्हॉट्सॲप बरोबर आहे. सरस्वती तिथे बेंझाइतेन झाली, वीणेच्या जागी बिवा हे तंतुवाद्य आलं. टोकियोत उएनोच्या तळ्यातल्या बेटावर तिचं देऊळ आहे. गणपती झाला कांगितेन. बऱ्याचदा हत्तीच्या तोंडाच्या दोन आकृती एकमेकांना मिठी मारून उभ्या असतात. ही मूर्ती बहुधा बंद देव्हाऱ्यात असते, दर्शनाला उघडत नाहीत, त्यामुळे फोटोचा हट्ट धरू नका. क्योतोत त्याच्या नैवेद्याचं ‘कांगिदान’ मिळतं. आत गोड पुरण, वर चुण्या काढून मिटलेली पुरचुंडी, तीळतेलात तळलेली. आपल्या तळणीच्या मोदकाची भावकीच. असाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात मात्र गणपतीला मुळा वाहतात. दुर्वा घेऊन गेलात तर उपयोग नाही, आणि ताज्या दुर्वा विमानतळावरून बाहेरही पडू देणार नाहीत.