गाठीत सुई घालण्याआधी भूल

प्रश्न : थायरॉईडच्या गाठीची सुईने तपासणी (एफएनएसी) सांगितली आहे. मला सुईची फार धास्ती वाटते. आधी भूल मागितली तर चालेल का?

उत्तर : जरूर मागा, संकोच कसला! ही सुई रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक असते, बहुधा २५ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप; आकडा मोठा तितकी सुई बारीक). एक-दोनदाच टोचायचं असेल तर मी सहसा भूल देत नाही. भुलीचं इंजेक्शन म्हणजे आणखी एक टोचणं, शिवाय त्यातलं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आत जाताना चांगलंच चरचरतं. औषध आम्लधर्मी असतं ना. त्यात थोडं सोडियम बायकार्बोनेट मिसळलं की चरचर कमी होते. गाठ खोलवर असेल, चार-पाच वेळा टोचावं लागणार असेल किंवा जाड सुईची बायोप्सी असेल, तर मात्र इंजेक्शन घ्याच.

लिग्नोकेन-प्रिलोकेनचं, म्हणजे वरून लावायचं बधिर करणारं मलम तुमच्यासारख्यांना बरं. पण ते तासभर आधी जाडसर लावून वरून झाकावं लागतं. ऐनवेळी फासून काही उपयोग नाही. त्याने बधिर होते ती कातडी. आत दाब जाणवतोच, कधी कळ कानापर्यंत जाते. सुई आत असताना गिळू नका, बोलू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा भुलीची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.