अनॉनिमस शब्द वापरताना एवढं बघ

हे बघ, अनॉनिमस म्हणजे निनावी एवढं पाठ करून भागत नाही, ऐरोली-महापेच्या ऑफिसात हा शब्द रोज लागतो आणि तिथेच घोळ होतो. मूळ ग्रीक, नाव नसलेला. पण इंग्रजीत तो मुख्यतः तेव्हाच वापरतात जेव्हा काम कोणीतरी केलंय पण करणाऱ्याचं नाव पुढे येत नाही, म्हणजे निनावी पत्र हे अनॉनिमस लेटर आणि देवळातलं गुप्तदान हे अनॉनिमस डोनेशन. ठाणे स्टेशनला बेवारस बॉडी सापडली तर तिला अनॉनिमस अजिबात म्हणू नकोस, ओळख पटलेली नाही म्हणून ती अनआयडेंटिफाइड.

आता महत्त्वाचं. एचआरचा सर्व्हे येतो, वर लिहिलेलं असतं अनॉनिमस आणि खाली पहिलाच रकाना एम्प्लॉयी आयडीचा, मग तो कसला अनॉनिमस, नाव त्यांना कळतंय फक्त बाहेर सांगणार नाहीत तर तो कॉन्फिडेन्शियल. हा फरक नीट समजून घे बाई, मनातलं लिहायच्या आधी तरी. आणि कुसुमाग्रज अनॉनिमस नाहीत, टोपणनाव असलं की स्यूडोनिमस.

घोडबंदर रोडला सगळे टॉवर एकाच साच्यातले, अशा वेगळेपण नसलेल्या बिल्डिंगलाही अनॉनिमस म्हणतात, हा अर्थ वाचताना लक्षात ठेव. उच्चारात जोर 'नॉ'वर दे, आर्टिकल 'ॲन' लागतं, आणि नाम अनॉनिमिटी, तिथे जोर सरकून 'नि'वर जातो.