बॅटरी हाताला लागत नसेल तर बाइकला जंप कसा द्यायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: बाइकला किक नाही, बॅटरी बसलीय आणि ती सीटखाली, प्लास्टिकच्या ट्रेखाली, वायरिंगच्या गुंत्यात तळाला आहे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायला शेजाऱ्यांकडून जंपर केबल आणलीत, पण चिमटा लावायला जागाच नाही. मग सगळी गाडी उघडायची का?

उघडू नका. बॅटरीला हातही लावावा लागत नाही. हे मला कुठल्या मॅन्युअलमधून कळलं नाही, वरंध घाटात फजिती झाली तेव्हा कळलं.

ऑक्टोबरमधली गोष्ट. घाट नुकताच खुला झाला होता. भोरकडून चढून आलो आणि वरच्या भज्यांच्या टपऱ्यांपाशी थांबलो. गाडी हँडलवरच्या लाल बटणाने बंद केली आणि किल्ली तशीच ऑन राहिली. आता हेडलाइटला स्विच नसतो (एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांना तो नाहीच) आणि बऱ्याच गाड्यांत किल्ली ऑन असली की दिवा चालूच राहतो. उजेडात तो लक्षातही येत नाही. हिशोब सोपा आहे. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर खातो, टेललाइट आणि बाकीचं धरा पाच. माझी बॅटरी ८ अँपिअर-तासांची. कांदाभजी, चहा, मागे राहिलेल्या मित्राची वाट, पुन्हा चहा. दीड तासाने सेल्फ मारला तर टक-टक-टक-टक, मीटर लुकलुकला आणि गप्प.

टपरीवर थांबलेल्या एका कारवाल्या काकांकडे केबल होती. माणूस इतका सज्जन की बॉनेट उघडून, छत्री धरून उभा राहिला. मी सामान सोडलं, मागची सीट किल्लीने काढली, पुढच्या सीटचे बोल्ट अॅलन कीने सोडवायला घेतले. एक निघाला. दुसऱ्याची खाच झिजून गोल झाली. अर्धा तास गेला. तेवढ्यात स्प्लेंडरवरून एक गॅरेजवाले दादा थांबले, दोन मिनिटं माझी कसरत बघितली आणि म्हणाले, “साहेब, बॅटरी कशाला शोधताय? तिची तार बाहेर येते ना, तिथं लावा की.”

त्यांनी साइड पॅनलचा एक स्क्रू काढला. आत काडेपेटीएवढा काळा डबा, त्याला दोन जाड वायरी, आणि एका वायरीच्या टोकावर लाल रबरी टोपी. ती त्यांनी नखाने मागे सारली. खाली नट, आणि नटाखाली चकचकीत तांबं. लाल चिमटा तिथे. काळा चिमटा इंजिनच्या एका उघड्या बोल्टला. गाडी पहिल्या सेल्फला चालू.

तो काळा डबा म्हणजे स्टार्टर रिले. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघणारी जाड वायर थेट याच्या एका बोल्टवर येते. दुसऱ्या बोल्टवरून तशीच जाड वायर स्टार्टर मोटरकडे जाते. तुम्ही बटण दाबलं की आतून दोन्ही बोल्ट जोडले जातात, ती ‘टक’ तिथलीच. म्हणजे रिलेचा बॅटरीकडचा बोल्ट आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल यांच्यात एका जाड वायरीशिवाय काही नाही. जंप देताना दोन्ही सारखेच.

आणि निगेटिव्ह शोधायची तर गरजच नाही. बॅटरीचं निगेटिव्ह फ्रेमला आणि इंजिनला जोडलेलं असतं, त्यामुळे अख्खं इंजिन म्हणजेच निगेटिव्ह. फक्त रंग नसलेला धातू हवा: इंजिन ज्याने फ्रेमला कसलंय तो बोल्ट, नाहीतर इंजिनच्या केसिंगचा बोल्ट. हँडल, आरसा, क्रॅशगार्ड असल्या रंगवलेल्या किंवा रबरावर बसवलेल्या वस्तूंना लावलंत तर केबल गरम होईल आणि गाडी तशीच राहील.

रिले सापडत नसेल तर उलटीकडून या. इंजिनला चिकटलेली दंडगोल मोटर शोधा, तिच्यातून निघणारी एकुलती एक जाड वायर धरा आणि तिच्या मागे मागे जा. ती रिलेवर जाऊन थांबते. दोन बोल्टांपैकी बॅटरीचा कुठला, हे मल्टिमीटरने लगेच कळतं. मीटरचं काळं टोक इंजिनला लावा. ज्या बोल्टवर काहीतरी व्होल्टेज दिसतं, अगदी ९-१० का असेना, तो बॅटरीचा. दुसऱ्यावर शून्य. मीटर नसेल तर मोटरकडून आलेली वायर ज्या बोल्टवर आहे तो सोडून द्या. चुकून त्यालाच चिमटा लागला तर बटण न दाबताच इंजिन फिरायला लागेल, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची आधी खात्री करा.

कोणी सांगेल की मग सरळ मोटरच्याच बोल्टला लावा, रिले हवाच कशाला? चालतं, पण अर्धवट. मोटर फिरते, मात्र मोटरकडून बॅटरीकडे मागे वीज जात नाही. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत पेट्रोल पंप, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि ठिणगी हे सगळं बॅटरीवर असतं. बॅटरी पार मेलेली असेल तर इंजिन संध्याकाळपर्यंत फिरेल आणि पेटणार नाही. मीटरचे दिवे नीट लागत असतील आणि फक्त सेल्फ ओढत नसेल, तरच हा उपाय कामाचा. ठिणगीही मोठी उडते. रिलेसुद्धा सीटखालीच असेल तेव्हाचा हा शेवटचा मार्ग समजा.

धक्का स्टार्टचंही तेच. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या दुसऱ्या गिअरला उतारावर सोडल्या की चालू व्हायच्या. इंजेक्शनवाली गाडी तेव्हाच होते जेव्हा किल्ली फिरवल्यावर पंपाचा ‘झुंऽऽ’ असा आवाज येतो. तो आवाज नसेल तर मित्रांना दमवू नका.

चिमटे लावायचा क्रम मात्र पाळा. आधी लाल रिलेवर, मग लालचं दुसरं टोक कारच्या पॉझिटिव्हवर, मग काळा कारच्या निगेटिव्हवर, आणि सगळ्यात शेवटी काळा तुमच्या इंजिनवर. काढताना बरोबर उलटं. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब पडलेली बरी. या बाबतीत तुमची बॅटरी खोल गाडलेली आहे हे चांगलंच म्हणायचं.

कारचं इंजिन बंद ठेवा. छोट्या कारची बॅटरीसुद्धा ३५ अँपिअर-तासांची असते, तुमच्या बाइकला ती भरपूर झाली. कारचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) मध्ये आणायचं कारण नाही. रिक्षा १२ व्होल्टची, चालते. दुसरी बाइक असेल तर केबल जोडून पाच मिनिटं थांबा आणि मग सेल्फ मारा, कारण तिचाही जीव तुमच्या बाइकएवढाच. ट्रक किंवा एसटी मदतीला थांबली तर चहा पाजा, पण केबल जोडू नका. तिथे २४ व्होल्ट असतात, तुमचा ईसीयू जाईल.

केबलबद्दल दोन गोष्टी. घरातल्या वायरिंगची उरलेली वायर वापरू नका. सेल्फ मारताना ५०-१०० अँपिअर सहज जातात, ती पातळ वायर हातात वितळेल. आणि कारच्या केबलचे चिमटे राक्षसी असतात. रिलेच्या बोल्टवर लावला की एक जबडा शेजारच्या बोल्टला किंवा फ्रेमला टेकतो. दादांनी खिशातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढून चिमट्याच्या बाहेरच्या अंगाला गुंडाळला होता. तेव्हा मला गंमत वाटली, आता माझ्या केबलवर तो तुकडा कायमचा आहे.

मोबाइल चार्जरसाठी बाहेर काढलेल्या सॉकेटमधून जंप देता येईल का, असं बरेच जण विचारतात. नाही. त्या वायरीत छोटा फ्यूज असतो, सेल्फ मारल्याबरोबर उडेल. तिथून चार्जर लावून रात्रभर बॅटरी भरता येते, तेवढाच उपयोग.

तुमची गाडी अवघड जागेवाली वाटत असेल तर बीएमडब्ल्यूची जुनी एफ ८०० जीएस बघा. तिची पेट्रोलची टाकी सीटखाली आणि टाकी दिसते त्या जागी नुसतं प्लास्टिक; बॅटरी त्या खोट्या टाकीच्या पोटात.

गाडी चालू झाली की लगेच बंद करू नका, आणि नुसती उभ्या जागी फुरफुरत ठेवूनही भागत नाही, त्या वेगाला चार्जिंग जेमतेम असतं. अर्धा-पाऊण तास चालवा. घरी गेल्यावर इंजिनाचा वेग थोडा वाढवून बॅटरीचं व्होल्टेज तपासा (इथेही तोच रिलेचा बोल्ट आणि इंजिन, सीट काढायला नको). १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक. १२ वरच अडकलं असेल तर दोष बॅटरीचा नाही, वीज बनवणाऱ्या कॉइलचा किंवा ती वीज बॅटरीजोगी करणाऱ्या रेक्टिफायरचा आहे. नवी बॅटरी टाकलीत तर तीही चार दिवसांत बसेल. रात्रभर उभी ठेवून सकाळी, गाडी चालू करण्याआधी, १२.४ च्या खाली दिसत असेल आणि बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर मात्र तिला निरोप द्या.

हल्ली मी पॉवर बँकसारखा लिथियम जंप स्टार्टर बाळगतो. त्याचे चिमटे लहान असतात, रिलेवर छान बसतात. फक्त बॅटरी अगदीच खाली गेली असेल तर तो तिला ओळखत नाही, बूस्टचं बटण दाबावं लागतं. आणि बूस्टमध्ये बऱ्याच मॉडेलांत उलट जोडणीपासूनचं संरक्षण बंद असतं. दाबण्याआधी लाल-काळं दोनदा बघा.

कायमचा बंदोबस्त म्हणून रिलेच्या बॅटरीकडच्या नटाखाली थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून एक वीतभर जाड वायर जोडून घेतली, १० चौरस मिलिमीटरची. तिच्या दुसऱ्या टोकाला रबरी टोपी घट्ट बसवून ते साइड पॅनलच्या आत झिपटायने बांधलंय. वायर कायम जिवंत असते आणि तिला फ्यूज नाही, त्यामुळे टोपीच्या बाबतीत आळस नको, आणि बॅटरीवाल्याकडून करून घेतलीत तरी तो जोड स्वतः ओढून बघा. वायर एकच पुरते, निगेटिव्हला अख्खं इंजिन आहेच. साइड पॅनलचा मूळचा स्टार स्क्रूही बदलला. आता तिथे रुंद खाचेचा आहे, रुपयाच्या नाण्याने उघडतो.