भुलीतल्या माणसाच्या ‘वेदना’ मोजतात असं म्हणावं का?

वडोदऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, भूलवाले डॉक्टर नंतर म्हणाले की ऑपरेशन चालू असताना मॉनिटरवर पेनचा आकडा बघून पेनकिलरचा डोस कमीजास्त करत होतो. ताईंनी घरी येऊन सांगितलं, "बाबांच्या वेदना मोजत होते," आणि सासूबाई घाबरल्याच, म्हणजे ह्यांना आत सगळं दुखत होतं की काय! तर वेदना शब्द इथे चुकला का, आणि चुकला तर बरोबर कोणता?

मला विचाराल तर चुकला, आणि सासूबाईंच्या कानाने ती चूक लगेच पकडली.

वेदना आली विद् धातूवरून, विद् म्हणजे जाणणं, वेद, विद्या, विद्वान सगळे ह्याच घरचे. बाळंतपणाच्या वेणा म्हणतो ना आपण, त्याही वेदनेतूनच झिजून आलेल्या. पालीत तर वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही, आणि धड ना सुख ना दुःख अशीही, म्हणजे मुळात अनुभव. आता गाढ भुलीतला माणूस काही जाणतच नाही, मग वेदना होणार कुणाला?

पण अंग गप्प बसत नाही हो. चीर पडली की नसांमधून मज्जारज्जूकडे खबर जातेच, नाडी वाढते, बीपी चढतं, घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. बोटाला जो चिमटा लावतात ना ऑक्सिजन बघायला, त्याच्या पडद्यावरची लाट त्याने बुटकी होते, आणि सर्जिकल प्लेथ इंडेक्स नावाचा ० ते १०० चा आकडा ह्याच लाटेवरून आणि ठोक्यांमधल्या अंतरावरून निघतो. तो वाढला म्हणजे अंगावर ताण जास्त. दुसरा एक अ‍ॅनाल्जेसिया नोसिसेप्शन इंडेक्स आहे, तोही १०० पर्यंतच पण उलटा, तिथे आकडा जितका मोठा तितका आराम, त्यामुळे "बाबांचा आकडा ७० होता" एवढ्यावरून घाबरायचं की निवांत व्हायचं ते ठरतच नाही. शिवाय रक्तस्राव झाला किंवा नाडीवर परिणाम करणारं दुसरं औषध दिलं तरी हे आकडे हलतात, म्हणून डॉक्टर एकट्या आकड्यावर विसंबत नाहीत. पेनकिलर कमी पडलं तर जाग आल्यावर कळवळायची पाळी, आणि फेंटानिलसारखं औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो, उलट्या होतात, पेशंट लवकर जागा होत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

ह्या अंगातल्या खबरीला डॉक्टरलोक नोसिसेप्शन म्हणतात, शेरिंग्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये रूढ केलेला शब्द, त्यातला लॅटिन नोसेरे म्हणजे इजा करणं. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये पेनची व्याख्या सुधारली तेव्हा स्पष्टच लिहिलं की पेन आणि नोसिसेप्शन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत इजाबोध किंवा क्षतिसंवेदन करता येईल, पण बोध आणि संवेदन दोन्हीत परत जाणणं आलंच, म्हणजे फिरून तिथेच. मला ‘इजेची वर्दी’ आवडतो. वर्दी पोचली तरी ती ऐकणारा झोपलेला असू शकतो, नेमकं हेच तर सांगायचंय.

भूल शब्द मात्र सुंदर आहे, जपा तो. आमच्या इंदुरात पंचाईत अशी की शेजारच्या हिंदीवाल्या भाभींना मी म्हटलं, आत्याला भूल दिली, तर त्यांना वाटलं डॉक्टरच्या हातून चूक झाली! त्यांच्याकडे भूल म्हणजे गलती, दवाखान्याच्या पाटीवर निश्चेतना विभाग. पण भूल म्हणजे झोपेचा भाग, दुखण्याचं औषध त्याहून वेगळं, आणि झोप किती गाढ ते मेंदूच्या लहरींवरून वेगळं बघतात, त्याचा आकडा म्हणजे बीआयएस (बायस्पेक्ट्रल इंडेक्स), तो साधारण ४० ते ६० मध्ये ठेवतात. ताईंच्या घरी झोपेचा आणि पेनचा असे हे दोन आकडे एक झाले असतील तर आधी ते सोडवा.

वेदना शब्द कुठे लागतो तर जाग आल्यावर. आत्या शुद्धीवर आली, सिस्टरने विचारलं, शून्य ते दहामध्ये दर्द किती? आत्या म्हणाली, "ठणका नाहीये, मधूनच कळ येते, खोकलं की सणक जाते." सिस्टर केरळची, तिने दोनदा विचारलं, शेवटी मीच "चार लिहा" म्हटलं आणि अजून ते चार मला खुपतात, कारण आत्याने जे सांगितलं त्यात कुठे, कधी, कसं सगळं होतं. तिथे सांगणारी जागी होती, ती वेदना.

तर ताई, सासूबाईंना असं सांगा: "बाबा गाढ भुलीत होते, त्यांना काही दुखलं नाही. कापल्याची वर्दी अंगात किती जातेय ते मशीनवर बघून डॉक्टर औषध देत होते, जाग आल्यावर कमी दुखावं म्हणून."